मुलं भलत्याच आयांच्या मांडीवर

४ सप्टेंबर, सोमवार

सकाळी कोको भाजताना विताले आठवला. मी नऊ वर्षांची असेन, तो सात. स्वयंपाकघरामागे पत्र्यावर बिया तडतडायच्या, आई गरमगरम सालं सोलायची आणि आम्ही दोघं बहीणभाऊ उखळाशी. आई म्हणायची, "चला, पूर्वजांना हाक मारा." मग एकेक नाव घ्यायचं आणि एकेक घाव घालायचा. जो चुकेल त्याने पुन्हा पहिल्यापासून. विताले नेहमी चौथ्या पिढीत अडकायचा. तिथल्या बायकोचं नाव त्याला आठवायचंच नाही, म्हणून तो बेधडक रस्त्यावर पाव विकणाऱ्या बाईचं नाव ठोकून द्यायचा. आई हसून हसून बेजार व्हायची. "मेल्या, तुझ्यामुळे घराण्यात पाववाली शिरली! कुट पुन्हा." सगळ्या गावात आमच्याइतका बारीक कुटलेला कोको कुणाकडे नसायचा.

आज ही वही काढली कारण कॉम्प्युटर लिहू देत नाहीये. वंशावळीची फाइल उघडली तर वर पिवळी पट्टी आली. मुदत संपली, आता फक्त वाचता येईल. आलापाती दर वर्षी नाताळची भेट म्हणून ऑकलंडहून या प्रोग्रामचे पैसे भरतो. वितालेचा थोरला. हा लॅपटॉपही त्यानेच दिला, हे सिमेंटचं घरही त्यानेच बांधलं. बिचाऱ्याचं कार्ड बदललं असेल.

मागच्या आठवड्यात त्याचा फोन आला होता. विताले जाऊन वर्ष होत आलं, ऑक्टोबरच्या अखेरीस बैठक आहे, घराण्याचा नवा प्रमुख, मताई, ठरायचा. "आत्या, माझ्या बाजूने बोलशील ना?" मी म्हटलं, बोलायचं ते बैठकीत बोलेन. गेलेल्या मताईची बहीण आहे मी. माझा शब्द आधीच वाटून टाकला तर बैठकीत काय घेऊन बसू?

डाव्या पायाच्या अंगठ्याला उंबरठा लागला. किरकोळ आहे. जुन्या घराला उंबरठा नव्हता.

७ सप्टेंबर, गुरुवार

फोन मीच केला.

"आत्या, तू कशाला जिवाला त्रास घेतेस? फाइल सुरक्षित आहे. माझ्या खात्यात आहे."

"तुझ्या खात्यात कशी? टाइप तर मी केली."

"टाइप तू केलीस, पैसे मी भरतो. म्हणून माझ्या खात्यात. नुसती तांत्रिक गोष्ट आहे गं."

"मग एक प्रत छापून पाठव."

"बैठकीला मीच घेऊन येतो ना! जाड कागदावर, सोनेरी कडा लावून. तू फक्त पुढे बसायचं आणि मान डोलवायची."

तो हसला. मीही हसले. मग म्हणाला, "आणि सिनालेईच्या नावापुढे एप्रिलमध्ये तू जी टीप घातलीस ना, ती जरा लांबली आहे बघ."

सिनालेई म्हणजे आमच्या आजोबांची थोरली बहीण. तिचा नातू केलेतो इथे गावातच असतो. वितालेचा पाय सडत होता तेव्हा रोज सकाळ-संध्याकाळ जखम धुवायला तोच यायचा. तारोची शेतीही तोच बघतो. मताईपदासाठी त्याचंही नाव लोक घेतात, तो स्वतः घेत नाही. सिनालेई रक्ताची होती, पोसलेली नव्हती, एवढंच त्या टिपेत लिहिलं आहे.

मी आलापातीला त्या टिपेबद्दल कधी बोलले? बोलले असेन. हल्ली विसरते.

११ सप्टेंबर, सोमवार

आता फाइल उघडतच नाही. पासवर्ड मागते. माझा दिला तर म्हणते, हा नव्हे.

तेवीस पिढ्या आत आणि मी बाहेर. कागदावर काहीच उरलेलं नाही. वादळाच्या वर्षी नदी घरात आली आणि आईच्या वह्यांचा लगदा झाला. त्या लगद्यातून पान पान सोडवून, उन्हात वाळवून, उरलेलं डोक्यातून काढून मी चार वर्षांत हे टाइप केलं. किती नीटस दिसायचं ते! प्रत्येक आई तिच्या चौकटीत, खाली रेघ, रेघेखाली मुलं ओळीत. तो प्रोग्राम फक्त आमच्या सगळ्या नावांखाली लाल नागमोडी रेघ ओढायचा. त्याच्या मते आम्ही सगळेच चुकीचे.

दिवसभर खिडकीशी बसले. काचेची खिडकी आहे, उघडली की मच्छर आणि मिटली की भट्टी. आलापातीचं घर, आलापातीचं टेबल, आलापातीचं कुलूप. प्रेमाने दिलेल्या गोष्टींत माणूस इतकं कोंडलं जाऊ शकतं हे आईने कधी शिकवलं नाही.

१५ सप्टेंबर, शुक्रवार

सिस्टर मातालेना आली. कॉन्व्हेंटमध्ये आम्ही एका बाकावर होतो. ती नन झाली, मी झाले नाही. पण अजूनही मला गणितात कच्ची समजते. शाळेत कॉम्प्युटर शिकवते, अडुसष्टाव्या वर्षी. तळलेले गोड पानीकेके खाता खाता मी सगळं सांगितलं.

"दुसरी प्रत कुठेच नाही?"

"जपमाळेच्या डबीत एक पेनड्राइव्ह आहे. सात वर्षांपूर्वीचा. विताले म्हणाला होता, ठेव."

"देव वितालेचं भलं करो. शाळेत घेऊन ये. आमच्याकडचा प्रोग्राम उघडेल तो."

"त्याचे पैसे कोण भरतं?"

"कुणीच नाही. फुकट आहे."

"म्हणजे आत्ता फुकट आणि नाताळला दारात."

"बारा वर्षं झाली, कुणी आलं नाही."

"केलाय कुणी? कुठल्या गावचे?"

"सगळ्या गावचे. एक इथला, एक तिथला. बरेच जण एकमेकांना भेटलेलेसुद्धा नाहीत."

"त्यांचा मताई कोण?"

"नाही गं बाई."

"मताई नाही, गाव नाही, परत काही मागत नाहीत. मातालेना, ही माणसं आहेत की भुतं?"

ती इतकी हसली की ठसका लागला. मग म्हणाली, त्याचा आतला सांगाडाही कुणालाही बघता येतो, सगळा उघडा. मी डबी पुन्हा मिटली. सगळ्यांना उघडं असेल त्यात मी वंशावळ ठेवू?

"अकेनेसे, आपल्या जुन्या घरांना भिंती होत्या का? येणारा-जाणारा खांब मोजायचा, छपराचे दोर कसे बांधलेत ते बघायचा. म्हणून कुणी तुझ्या पेटीत हात घातला का? घर उघडं आहे, पेटी तुझीच आहे. आणि भिंती बांधून, कुलूप लावून काय साधलंस सांग?"

मी तिला आणखी एक पानीकेके वाढला.

जाताना तिने पायाकडे बघितलं. "हे काय?" म्हटलं, मच्छर.

१९ सप्टेंबर, मंगळवार

शाळेच्या कॉम्प्युटरवर फाइल उघडली आणि माझ्या तोंडून किंकाळीच निघाली.

सगळी नावं होती. पण चौकटी घसरलेल्या. रेघा लोंबत होत्या. मुलं भलत्याच आयांच्या मांडीवर जाऊन बसली होती. माझी आई स्वतःच्या सासूची बहीण झालेली, आणि विताले, माझा विताले, खाली डाव्या कोपऱ्यात एकटाच, ना आई ना बाप.

"हा तुझा फुकटचा प्रोग्राम!"

"रागावू नकोस. ती फाइल त्या विकतच्या प्रोग्रामच्या चालीने बांधलेली आहे, याला ती चाल पुरती कळत नाही. साधं पत्र जसंच्या तसं उघडतं. असा चौकटींचा पसारा असला की विस्कटतो. खोटं कशाला सांगू?"

"आणि हे दुरुस्त करायला फोन कुणाला करायचा?"

"मला," मातालेना म्हणाली.

पैसे देऊन नीटनेटकं मिळतं, पण किल्ली दुसऱ्याच्या खिशात. फुकट मिळतं ते आपल्या हातात, पण मुलं रस्त्यावर. घरी येताना बसमध्ये रडले. शेजारच्या बाईने काही न विचारता रुमाल दिला.

२१ सप्टेंबर, गुरुवार

मातालेनाने तो प्रोग्राम माझ्या लॅपटॉपवर घातला. तो पुसला गेला तर पुन्हा मिळेल, कितीही वेळा. फाइल फक्त लॅपटॉपात आणि पेनड्राइव्हमध्ये राहील, दुसरीकडे कुठे जाणार नाही, हे तिच्याकडून तीनदा वदवून घेतलं.

आमच्या नावांखाली हाही लाल रेघ ओढतो. त्या बाबतीत विकतचं नि फुकटचं एकच.

२९ सप्टेंबर, शुक्रवार

रोज सकाळी दोन-तीन पिढ्या, खालून वर. मूल उचलायचं, आईकडे न्यायचं, बसवायचं. प्रत्येकाचं नाव मोठ्याने घेते, नाहीतर हात चुकतो. किती वर्षांत ही नावं तोंडाने घेतली नव्हती! टाइप झाल्यावर वाटलं, आता ती तिथे आहेत, मला सांभाळायला नकोत. डोक्यात अजून आहेत सगळी. नुसती उखळाची वाट बघत होती.

काल चौथ्या पिढीशी आले. तिथे मी सात वर्षांपूर्वी पाववाली घातली आहे. आईचा नियमच होता: "लिहिलेली वंशावळ म्हणजे मोकाट डुक्कर, कुणाच्याही शेतात शिरतं. लिहायचीच झाली तर एक दात काढून ठेव." खरं नाव फक्त राखणाऱ्याच्या तोंडात आणि मताईच्या कानात. म्हणून त्या जागी मी वितालेची पाववाली बसवली, आणि तसं वितालेला सांगितलंही. तो अंथरुणावर होता, पाय गेलेला. त्याने खरं नाव बिनचूक म्हणून दाखवलं आणि विचारलं, "आता तर कुटायला नको ना?"

इथे, वहीतसुद्धा, ते नाव मी लिहीत नाही.

मग एप्रिलमध्ये घातलेली सिनालेईची टीप पुन्हा टाइप केली. या जुन्या प्रतीत ती नव्हती. लांबलीय म्हणे.

८ ऑक्टोबर, रविवार

मुलांचा रविवार. चर्चमध्ये सगळी पांढऱ्या कपड्यांत. केलेतोच्या लेकीने, फुआतिनोने, एक आख्खा अध्याय न अडखळता म्हटला. अकरा वर्षांची आहे. दुपारी नारळाच्या दुधातली पालुसामी घेऊन आली आणि विचारत होती, "आजी, मागून पुढे पण म्हणून दाखवू?"

मला एकच कोडं पडलंय. तो प्रोग्राम बनवणाऱ्यांना मी काय परत देऊ? मिळालेल्याची परतफेड करायची नसते असं आमच्यात काही नाही. मातालेना म्हणते, गरज नाही. गरजेचं कोण बोलतंय? आलापातीलाही मी कधी पुरतं परत दिलं नाही. दर वर्षी कोको पाठवते, दोन शेर. घराच्या बदल्यात कोको. तिथेच चुकलं असेल का माझं? देणी साचत गेली आणि मी त्यांना माया म्हणत राहिले.

२४ ऑक्टोबर, मंगळवार

आलापाती आला. मला कवेत घेऊन उचललंच त्याने. बापाचाच खांदा, बापाचंच हसू. आईस्क्रीम आणलं, मऊ बूट आणले. पाय बघून कळवळला. "आत्या, डॉक्टरकडे गेली नाहीस? बाबांचं बघितलंस ना तू?" डोळ्यांत खरंच पाणी होतं. म्हटलं, बैठक झाली की जाते.

मग लॅपटॉप घेऊन दोन मिनिटं काहीतरी केलं. "हे बघ, प्रोग्राम चालू. पुढची पाच वर्षं बघायला नको."

उघडली. किती सुंदर! एकही मूल जागचं हललेलं नाही. मी पाचव्या पिढीपर्यंत वाचलं आणि लाजेने मिटून टाकलं. भावाच्या लेकरावर संशय घेतला मी. माझं विस्कटलेलं-जोडलेलं बाड याच्यापुढे म्हणजे ठिगळांची गोधडी. मातालेनाने छापून दिलेले कागद चटईखाली ठेवलेत. तिथेच राहू देत.

२८ ऑक्टोबर, शनिवार. संध्याकाळची प्रार्थना व्हायच्या आत लिहिते.

बैठक जुन्या घरात झाली, भिंती नाहीत तिथे. मी पुढच्या खांबाशी. निघताना शेवटी ते कागद चटईखालून काढून सोबत आणलेच होते, आता मांडीखाली होते. का, ते ठाऊक नाही.

आलापाती उठला. जाड कागद, सोनेरी कडा. "हे माझ्या वडिलांनी मला स्वतः सांगितलं," तो म्हणाला, "आजाराच्या आधी, ऑकलंडला आले होते तेव्हा. मी त्यांच्या तोंडून उतरवून घेतलं." आणि वाचू लागला. गोड आवाज आहे त्याचा. पहिली पिढी, दुसरी, तिसरी. मी खरोखरच मान डोलवत होते.

चौथ्या पिढीत त्याने पाववालीचं नाव घेतलं.

माझी मान तिथेच थांबली. तो वाचत राहिला. आजोबांच्या पिढीत आला. आजोबांना तीन भाऊ, असं म्हणाला. बहीण नव्हतीच. सिनालेई नव्हती, टीप नव्हती, केलेतोची सगळी फांदी छाटलेली. केलेतो मागच्या ओळीत खाली बघत बसला होता, हाताचं माती लागलेलं नख साफ करत.

वाचून झाल्यावर म्हाताऱ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी उठू शकले नाही, पायामुळे. बसूनच बोलले.

"आलापाती, चौथ्या पिढीतली बायको पुन्हा सांग."

त्याने सांगितलं.

"हे तुला वितालेने सांगितलं?"

"हो आत्या. शब्दन् शब्द."

"ही बाई बाळा, आमच्या लहानपणी रस्त्यावर पाव विकायची. चांगली होती. उधारीवर द्यायची." कुणीतरी मागे खुसखुसलं. "तुझा बाप सात वर्षांचा असताना तिचं नाव घ्यायचा आणि मार न खाता कुटायला बसायचा. मोठेपणी कधीच चुकला नाही. ते खोटं नाव मी लिहिलं, माझ्या हाताने, माझ्या फाइलमध्ये. चोर ओळखायला. तिथून ते फक्त एकाच ठिकाणी जाऊ शकतं."

मग मी त्याच्या कागदाकडे बोट केलं.

"म्हणजे तुझा कागद वितालेच्या तोंडचा नाही, माझा आहे. मग माझ्या कागदातली सिनालेई कुठे गेली?"

मी मांडीखालचे कागद पुढे सरकवले. साध्या कागदावर, शाळेच्या प्रिंटरची एक काळी रेघ प्रत्येक पानावर. सिनालेई आपल्या जागी, तिच्याखाली केलेतोचा बाप, त्याच्याखाली केलेतो. पाववालीही आपल्या जागी. म्हाताऱ्यांनी दोन्ही कागद शेजारी ठेवून बोट फिरवत ताडून पाहिले. फार वेळ लागला.

आलापाती एवढंच म्हणाला, "आत्या, मी सगळं बांधलं. घर, पाण्याची टाकी, चर्चची घंटा. तो फक्त इथे राहिला."

"हो रे," मी म्हटलं. "तो राहिला."

पदवी केलेतोला गेली. मला आनंद झाला पाहिजे होता.

२ नोव्हेंबर, गुरुवार

आज मृतांचा दिवस. वितालेच्या थडग्यावर केलेतोने वाळू पसरली, मी फुलं ठेवली. आलापाती मंगळवारीच परत गेला. निरोप घ्यायला आला नाही. मऊ बूट दाराशी ठेवून गेला.

लॅपटॉपमधला विकतचा प्रोग्राम पुन्हा बंद. या वेळी कार्डाला दोष दिला नाही. आणि मी अजून त्याच्याच घरात, त्याच्याच बुटांत. फक्त एकच बूट येतो. डाव्या पायात आता काही शिरत नाही.

५ नोव्हेंबर, रविवार

मातालेनाने काल पट्टी सोडून बघितली आणि तशीच उठून गाडी ठरवायला गेली. तेव्हाच कळलं. उद्या सकाळी ती मला अपियाला मोठ्या हॉस्पिटलात नेणार. वितालेही शेवटचा तिथे सोमवारीच गेला होता. तेव्हा मातालेना, ही वही तुझ्याकडे. वाच, आणि मग चुलीत घाल.

लॅपटॉप आणि घराची किल्ली आलापातीला. त्याच्या खात्यातली फाइल त्याच्याकडे आहेच, तशीच राहू दे, भांडू नकोस.

पेनड्राइव्ह केलेतोला. त्याच्याकडे कॉम्प्युटर नाही, पण शाळेत तुझ्याकडे कायम उघडेल. उद्याही, कुणी पैसे भरले नाहीत तरी. पाववाली आतच राहू दे.

माझ्या पेटीत तळाशी आईची बारीक विणीची चटई आहे. ती त्या लोकांना, ज्यांचं गाव नाही. पत्ता सापडला तर पाठव. नाही सापडला तर शाळेच्या कॉम्प्युटरच्या टेबलावर अंथर, आणि कुणी विचारलं तर सांग, ही त्यांची आहे, आपण नुसते बसतो.

माझी जपमाळ तुला. डबी रिकामी आहे.

खरं नाव फुआतिनोला, आणि तिच्याकडून केलेतोच्या कानात. आधी वाटलं होतं, परत आले की सांगेन. नाही आले तर काय करायचं या विचाराने दोन दिवस खाल्लं आहे मला. म्हणून आज दुपारी तिला बोलावलं, कोको भाजला, आणि तिच्याकडून कुटून घेतला. सहा वेळा. एकदाही चुकली नाही.

उखळ आणि मुसळ आलापातीला. जड आहे, बोटीने पाठवावं लागेल. नको म्हणाला तरी पाठव, वितालेचा खरा वारसा तेवढाच आहे. आणि कधी तो स्वतः इथे आला, खाली बसला आणि हातात मुसळ घेतलं, तर फुआतिनोला सांग, ते नाव त्यालाही दे. अडकला तर पुन्हा पहिल्यापासून.